डबल बेल

१

अमेरिकेत ओहायोमध्ये डब्लिन म्हणून एक गाव आहे. तिथली दुपार कशी असते ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही ध्यानात यायचं नाही. दुपारी तिथं रस्त्यावर माणूस दिसत नाही. शाळेची पिवळी बस येऊन जाते, कुठंतरी गवत कापायचं मशीन थोडा वेळ ओरडतं, आणि मग घरं आपली पुन्हा गप्प. अशा दुपारी निवृत्ती शेलार, म्हणजे मुलासुनेचे आबा, चहाचा कप घेऊन गराजमध्ये जात आणि मुलाच्या गाडीत जाऊन बसत.

रोजची गाडी नव्हे. रोजच्या दोन गाड्या बाहेर उभ्या असत. गराजमध्ये होती ती इटलीची जुनी गाडी. बुटकी इतकी की आबांच्या कमरेलाही पुरत नव्हती. तिचं खरं नाव त्यांच्या जिभेवर बसायचं नाही, म्हणून ते तिला इटलीवाली म्हणत. रंग लाल. आबांनी उभा जन्म विट्याच्या डेपोत एस्टीवर ड्रायव्हरकी केली होती, त्यामुळे लाल गाडी म्हटली की त्यांना परकी वाटतच नसे.

केदार, त्यांचा मुलगा, घरूनच काम करायचा. दुपारी दोन मीटिंगांच्या मधे तो खाली यायचा, गराजचं दार वर घ्यायचा, इंजिनाला जाग राहावी म्हणून गाडी थोडा वेळ चालू ठेवायचा आणि बंद करून परत वर पळायचा. मग आबा उजव्या सीटवर बसत. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, तेव्हा उजवी सीट ही नुसती शेजारच्याची. पण आबांची बसायची जागा जन्मभर उजवीकडेच. समोर स्टीअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, तरी बूड टेकलं की त्यांना ड्युटीवर आल्यासारखं वाटायचं.

या गाडीचं इंजिन पुढं नाही. ते पाठीमागं आहे, सीटच्या अगदी पाठीशी, मधे एक पातळ भिंत आणि एक उभी काच. बंद केल्यावर ते हळूहळू निवत जायचं. तापलेलं लोखंड आवळताना जसं बोलतं तसं बोलायचं. टिक. मग जरा थांबून टिक. गोठ्यात म्हैस बसल्या बसल्या रवंथ करते तसं. आबा चहा पीत ते ऐकत बसायचे. पाठीला ऊब लागायची. बरं वाटायचं.

एके दिवशी ते टिकटिकणं नेहमीसारखंच चाललं होतं. मग मधे एक मोठी शांतता आली. आणि त्या शांततेनंतर, एकापाठोपाठ एक, टिण् टिण्.

आबांचा डावा पाय आपोआप पुढं सरकला आणि मोकळ्या जागेत क्लच दाबू लागला. हात गिअरकडे गेला. चहा मांडीवर सांडला.

ते स्वतःशीच हसले. म्हातारपणी माणूस झोपेत बैल हाकतो म्हणतात, त्यातली गत, असं त्यांना वाटलं. धोतरावरचा चहा त्यांनी पुसला आणि ते घरात गेले.

२

ज्यांनी एस्टीनं प्रवास केला आहे त्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कंडक्टर मागं असतो, ड्रायव्हर पुढं. छताला लागून एक दोरी असते आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी. कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की थांबायचं: कोणी उतरणार आहे नाहीतर चढणार आहे. दोनदा ओढली की निघायचं. ड्रायव्हरनं मागं वळून बघायचं नसतं. कोण चढलं, कोण उतरलं, कोणाचा पाय अजून पायरीवर आहे, ते बघणं कंडक्टरचं काम. कंडक्टर किती आले, किती गेले, आबांना सगळ्यांची तोंडंही आठवत नव्हती. पण मागून डबल बेल आली आणि आबांनी गाडी काढली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. सगळी नोकरी या एका भरवशावर गेली.

केदारचं इंजिनांचं वेड तिथलंच. लहानपणी तो एस्टीच्या केबिनमध्ये आबांच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणावर पोतं टाकून बसायचा. आता दुसऱ्यांच्या संगणकांची देखभाल करतो, पण हात काळे झाल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. इटलीवाली त्यानं खोक्यांतून सुटी आणली आणि जोडली. ती जोडताना आबांना तो एकेक गोष्ट समजावून सांगे.

इंजिन मधोमध का, तर वजन चारी चाकांच्या मधे यावं म्हणून. आबांना ते लगेच पटलं. डोक्यावर ओझं असलेला माणूस वळताना डुलतो, पोटाशी धरलं की चटकन वळतो. मग इंजिन मागं बसवायचं तर गाडी लांबते, म्हणून इटलीच्या लोकांनी ते आडवं निजवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सरकवला. पाणी थंड करायची जाळी मात्र पुढंच, त्यामुळे पाण्याचे नळ गाडीच्या पोटातून पुढून मागं जातात. पत्रा लाकडी साच्यावर हातानं ठोकलेला, त्यामुळे डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत एक नाही. आबांनी दोन्हींवरून तळवे फिरवून बघितले होते. माणसाच्या तोंडासारखंच.

एवढं सगळं आवडलं, पण एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. एस्टीचं इंजिन शेजारी असायचं. तापलं की वास यायचा, रुसलं की दिसायचं. हे मागं. मागच्याचं तोंड दिसत नाही.

त्या आठवड्यात केदार कामासाठी दोन दिवस शिकागोला गेला. गाडी चालू झालीच नाही. तरी सवयीनं आबा दुपारी जाऊन बसले. भिंत थंड, सीट थंड, इंजिन मढ्यासारखं गार. चहाचा पहिला घोट घेतला आणि मागून आलं. टिण् टिण्.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. रेणू, त्यांची सून, मनानं चांगली. तिनं आधी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला, मग हळूच म्हणाली की कानातल्या मशीनची बॅटरी उतरली असेल, परवा दाखवून येऊ. नैना, म्हणजे नात, मिडल स्कूलमध्ये शिकणारी. तिनं फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं की यात काही विशेष नाही, मेटल थंड झालं की आकसतं, त्याला अमुक म्हणतात.

"पण बाळा, ते गरम झालंच नव्हतं," आबा म्हणाले.

नैनानं विचार केला. मग दुपारचं ऊन गराजच्या दारावर पडत असेल, असं तिनं इंग्रजीत सांगितलं. आबांनी मान डोलवली. पडतही असेल. दार पश्चिमेलाच होतं.

३

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन तपासून दिलं. काही बिघाड नव्हता. आबांना उलट वाईट वाटलं. बिघाड असता तर सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी मशीन कानातून काढून खिशात टाकलं. आता जग नेहमीसारखं लांब गेलं. वरच्या मजल्यावरचा केदारचा आवाज गेला, फ्रिजचा गेला. ते वाट बघत बसले. आपण कशाची वाट बघतोय, हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं.

गराजच्या आतल्या दारातून नैना आली. हातात चिप्सची वाटी, कानांत गाणी ऐकायची पांढरी बोंडं. आजोबांना बघून हसली, वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि तिनं ड्रायव्हरचं दार उघडलं.

टिण्.

एकच. मशीन खिशात होतं आणि आवाज डोक्यावर वाजल्यासारखा स्वच्छ होता.

नैना आत सरकली. पाय पेडलपर्यंत लांबवले. ती पेडलं सरळ समोर नाहीत. पुढच्या चाकाची कमान आत येते म्हणून इटलीवाल्यांनी ती जरा मधे ढकलली आहेत, त्यामुळे पोरगी तिरकी बसली. तिनं दार ओढून घेतलं.

टिण् टिण्.

नैनानं क्लच दाबला आणि गिअरची दांडी पहिल्यात टाकली. या गाडीत दांडीला लोखंडी खाचांची पट्टी आहे, त्यामुळे खटका मोठा वाजतो. तो मात्र आबांना अगदी लांबून ऐकू आला.

त्यांनी तिच्या दंडाला धरलं. तिनं कानातलं बोंड काढलं. कशाला टाकलास गिअर, असं त्यांनी विचारलं आणि कान तिच्याकडे केला.

"मी? I don't know." ती दांडीकडे बघत राहिली. "It's off, Ajoba. कुठे नाही जाणार."

ते खरंच होतं. गाडी बंद होती, किल्ली वर केदारच्या खोलीत होती. आबांनी तिला खाली उतरायला सांगितलं, आणि ते आवाज चढवून बोलले असावेत, कारण पोरीचं तोंड उतरलं. जाता जाता तिनं आठवण करून दिली की शनिवारी बाबा तिला पहिली राइड देणार आहेत. गाडीची सगळी कागदपत्रं झाली, नंबर आला. पहिली राइड तिची, हे तिनं कधीच सांगून ठेवलं होतं.

आबा तिथंच बसून राहिले. मग त्यांना वाटलं, मागं बघावं. मान वळवायला काय लागतं. पण जन्माची सवय आडवी आली. ड्रायव्हर मागं बघत नाही.

४

शनिवारच्या आधी केदार गाडी बाहेर काढून बघणार होता. शुक्रवारी संध्याकाळी उजेडातच त्यानं आबांना सोबत घेतलं. इंजिन चालू झालं तेव्हा आवाज पुढून आला नाही, दोन्ही कानांच्या मागून आला. कोणी मानेवर तोंड आणून मोठा श्वास घ्यावा तसा. केदार ओरडून सांगत होता की हा कार्बोरेटरचा आवाज, तीन कार्बोरेटर, हवा इथूनच आत ओढतात. तो खुशीत होता. त्याला इतकं खुशीत आबांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

डब्लिनमध्ये राउंडअबाउट, म्हणजे गोल वळसा घालून जायचे चौक, फार. ते संपले की घरं विरळ होतात आणि मक्याची शेतं लागतात. दिवस सप्टेंबरचे होते, मका माणसापेक्षा उंच. दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथं लाल पाटी असते, थांबा म्हणून. केदार थांबला.

रस्ता मोकळा होता. डावीकडे कोणी नाही, उजवीकडे कोणी नाही. केदार थांबलेलाच. दोन्ही हात स्टीअरिंगवर. या गाडीचं स्टीअरिंग एस्टीसारखं जरा आडवं पसरलेलं आहे, त्यामुळे तो आबांना त्या घडीला आपल्याच कोणातरी जोडीदारासारखा दिसला. तो समोर बघत होता. डावीकडे बघत नव्हता, उजवीकडे बघत नव्हता.

इंजिनाच्या एवढ्या गदारोळात, त्याच्यापेक्षा वेगळी, बारीक. टिण् टिण्.

केदारनं क्लच सोडला आणि गाडी काढली.

पुढच्या पाटीलाही तसंच. त्याच्या पुढच्यालाही. थोडं पुढं जाऊन आबांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि विचारलं, "तुला ऐकू येतं का रे?"

"काय ऐकू येतं?"

"बेल."

केदार हसला. त्याला वाटलं, आबांना जुने दिवस आठवले. नाही म्हणाला, इंजिनापुढे कुठली बेल ऐकू येतेय.

"मग मघाशी थांबलास कशाला होतास?"

"स्टॉप साइन आहे आबा. थांबावं लागतं इथे."

"बरं. आणि निघालास कशावरून?"

केदारनं गिअरच्या दांडीवर हात ठेवला. "निघालो म्हणजे... निघायचं झालं म्हणून निघालो."

"बाजूला बघितलंस?"

"बघितलंच असणार," तो म्हणाला. मग जरा चिडून, "आबा, मी रोज ड्राइव्ह करतो. बघितलंच असणार ना."

पोरगा खोटं बोलत नव्हता. आणि आपण तरी खरं सांगतोय का, हे आबांना कुठं ठाऊक होतं? मशीनशिवाय ऐकू येणारी बेल, थंड गाडीत वाजणारी बेल, असं कोणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर आबांनीच त्याला गूळपाणी देऊन सावलीत बसवलं असतं.

एकच गोष्ट त्यांना पक्की कळत होती. उद्या या उजव्या सीटवर नैना बसणार होती.

५

शनिवारी सकाळी अतुल आला. हा केदारचा नागपूरचा मित्र. शनिवारी घरी बायकोची कामं चुकवायला इकडे यायचा, असं रेणू म्हणे, आणि तोही ते नाकारत नसे. आबांनी त्याला बाजूला घेतलं आणि मागं काहीतरी वाजतं एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

"पाहून घेऊ ना काका. त्यात काय!" अतुल म्हणाला.

उजव्या सीटच्या मागं, दाराच्या खाचेत एक हँडल आहे. तिथून एक तार निघते, मागच्या काचेच्या खालच्या कडेनं जाते आणि झाकणाच्या कुलुपाला लागते. एरवी ती सैल असते, झोळ पडलेली. हँडल ओढलं की ताणते आणि मागचं झाकण उघडतं. अतुलनं हँडल ओढलं. झाकण वर झालं.

आबांनी पहिल्यांदाच आत नीट डोकावून बघितलं. माणसानं उभं राहावं एवढीही जागा नव्हती. बसावं एवढीही नव्हती. आडवं निजलेलं इंजिन, त्याच्यावर कार्बोरेटर, नळ, वायरी. कुठं मूठ शिरेल, कुठं नुसतं बोट. लोकांनी एवढ्याशा पेटीत एवढा संसार कसा बसवला, याचं त्यांना नवल वाटलं, आणि बरंही वाटलं. इथं कोणी असूच शकत नाही.

अतुल बराच वेळ टॉर्च मारत राहिला. शेवटी उष्णता अडवायला लावलेल्या पत्र्यामागून त्यानं एक सुटलेली लोखंडी चकती काढली आणि आबांच्या तळहातावर ठेवली. पत्र्याला घासून हीच वाजत होती, म्हणाला.

"घ्या काका. तुमचा कंडक्टर सापडला."

केदार हसला, रेणू हसली. आबाही हसले. म्हणजे काल केदारनं बेलची गोष्ट अतुलला फोनवर सांगितली होती तर. हसू दे. चकती जुन्या पैशाएवढी, जाड, गार. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. इतका साधा उपाय, आणि आपण पोरीवर ओरडलो.

नैना तयार होऊन आली. केस बांधलेले, डोळ्यांना काळा चष्मा. केदारनं झाकण धाडकन लावलं आणि डावीकडे जाऊन बसला. नैनानं उजवं दार उघडलं.

टिण्.

खिशातली चकती गार होती, गप्प होती.

आबा पुढं झाले आणि त्यांनी पोरीला हलक्या हातानं बाजूला केलं. गुडघे दुखत होते, सीट जमिनीलगत, तरी ते आत बसले. रेणू म्हणाली, "आबा, अहो, तिची राइड आहे." नैना तर रडायच्या बेतात आली. केदारनं वाकून विचारलं की काय चाललंय. आबा म्हणाले, मला एक फेरी मारून आण, मग तिला ने. म्हाताऱ्याचा हट्ट, कोण काय बोलणार. गाडीला दोनच सीट. तिसऱ्याला जागा नाही.

त्यांनी दार ओढून घेतलं, आणि मागून डबल बेल आली.

६

कालचाच रस्ता. राउंडअबाउट गेले, घरं गेली, मका आला. केदार आज काही समजावून सांगत नव्हता. आबांनी मागच्या काचेकडे पाठ करून खिशावर हात ठेवला होता.

चौकाची पाटी आली. इथं यांच्या रस्त्याला थांबायचं होतं, आडव्या रस्त्याला थांबायचं नव्हतं. केदार थांबला. डावीकडे मका इतका दाट की भिंतच. आबांना डावीकडे मक्याचे तुरे हलताना दिसले. वारा नव्हता. रांगेनं, एकामागून एक, लांबून जवळ हलत येत होते.

"केदार, बघ," असं ते म्हणणार होते.

टिण् टिण्.

केदारनं समोर बघत क्लच सोडला.

ओरडून उपयोग नव्हता, हे आबांना कसं कळलं कोणास ठाऊक. माणसाच्या हाकेनं ड्रायव्हर थांबत नाही. पाठीमागं सगळे ओरडतच असतात. त्यांनी खिशातली चकती काढली आणि गिअरच्या लोखंडी पट्टीवर जोरात मारली. एकदाच.

ठण्.

केदारचा पाय ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पुढच्या टोकापासून हातभरावरून धान्याचा मोठा ट्रक भोंगा वाजवत गेला. त्याच्या वाऱ्यानं ती बुटकी गाडी हलली. धूळ आली, मक्याची पानं उडाली, आणि मग ट्रक लांब गेला.

"ट्रक होता," आबा म्हणाले.

"हो का?" केदार म्हणाला. तो अजून समोरच बघत होता. पाय ब्रेकवर, हात स्टीअरिंगवर. कोणीतरी थांब म्हटलं म्हणून माणूस थांबतो, तसा.

तेव्हा आबांच्या लक्षात आलं की आपण सिंगल बेल दिली आहे. गाडी वाचली ते खरं. पण सिंगल बेल कशाला देतात?

गाडी मागून किंचित खाली बसली.

एवढंसंच. ज्यानं जन्मभर एस्टी चालवली त्याला पाठीनं कळतं. पायरीवर पाय पडला की स्प्रिंग कशी दबते, आणि तो माणूस आत आला की ती कशी तशीच दबून राहते. दार उघडलं नव्हतं. मागं जागा नव्हती; आज सकाळीच त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, माणूस बसेल एवढी जागा नव्हती. तरी गाडी दबलेली राहिली.

आणि मग मागून, घाई न करता, डबल बेल आली.

केदारनं गाडी काढली.

परतीच्या वाटेवर आबांनी दोनदा म्हटलं, केदार, किल्ली बंद कर, आपण चालत जाऊ. एकदा तो म्हणाला, "अजून स्टॉप कुठे आलाय." एकदा त्यानं नुसता गिअर बदलला. चालवत फार छान होता. राउंडअबाउटला गाडी अशी वळत होती की पोटातलं पाणी हलू नये, आणि आबांना वाटलं, याला मी कधी असं शिकवलं नव्हतं.

घर आलं. ड्राइव्हवेवर रेणू आणि अतुल उभे होते, नैना सगळ्यांच्या पुढं. केदारनं गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. नैनानं धावत येऊन उजवं दार उघडलं.

टिण्.

आबांचे पाय उतरायला तयार झाले होते. एक पाय बाहेर पडलाही होता. स्टॉप आला, उतरायचं, आपल्या जागी दुसरं माणूस चढायचं, मग बेल द्यायची. हे सगळं इतकं रीतसर होतं की त्यांना क्षणभर त्यात वावगं काही दिसलंच नाही.

मग त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. मान वळवून मागं बघितलं.

काचेच्या खालच्या कडेची ती तार. सकाळी सैल होती, झोळ पडलेली. आता ती ताठ होती. हँडलला कोणी हात लावला नव्हता आणि झाकणही उघडलं नव्हतं. दुसऱ्या टोकाकडून, जिकडे फक्त इंजिन होतं तिकडून, कोणीतरी ती ओढून धरली होती. एक ओढ ओढून झाली होती. पुढच्या दोन ओढायला हात तसाच वर राहिला असावा, तशी ती तार जराशी थरथरत होती.

काचेत त्याच्या पलीकडेही काहीतरी होतं. आबांनी ते बघितलं नाही. त्यांनी मान पुढं केली.

बाहेर पडलेला पाय त्यांनी आत घेतला.

"Ajoba, it's my turn," नैना म्हणाली. "तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

रेणू हाक मारत होती. अतुल काहीतरी चेष्टेत बोलत जवळ येत होता. केदार हलत नव्हता. डावा पाय क्लचवर, डोळे समोर, गराजच्या बंद दारावर.

आबांनी नातीच्या गालाला हात लावला. गाल उन्हानं गरम झाला होता.

"गाडी भरली बाळा," ते म्हणाले. "मागून दुसरी गाडी आहे. तिनं ये."

आणि तिची बोटं दारात येणार नाहीत असं बघून त्यांनी दार ओढून घेतलं, आणि दोघंही समोर बघत बसले.